एक थांबा अलीकडे

इस्लामपूरची गाडी सांगली स्थानकात लागली आणि खिडकीतून एक सुरकुतलेला हात बाहेर येऊन अंजनाला खुणावू लागला.

"ये पोरी, जागा धरलीया."

अंजना गर्दीतून वाट काढत पोहोचली. गाडीतच ओळख झालेल्या काकींनी सीटवरचे गाठोडे उचलून मांडीवर घेतले. गेले तीन आठवडे हेच चालले होते. काकींचे यजमान दवाखान्यात होते. त्यांना डबा पोचवून त्या रोज संध्याकाळी याच गाडीने परतत. अंजनाने याहून अधिक कधी विचारले नव्हते. विचारले की आपल्यालाही सांगावे लागते.

साताऱ्याहून बदली मागून घेतल्याला चार महिने झाले होते. सांगलीत न राहता तिने आष्ट्याच्या पुढे, रस्त्यापासून आत, उसाच्या रानात दोन खोल्या घेतल्या. कचेरीत आणि गाडीत ती एकच सांगत असे, मी एकटी राहते. खोलीत तिचा धाकटा भाऊ सिद्धू होता आणि त्याची बायको अंकिता. सिद्धूचे घराणे माणदेशातल्या मेंढपाळांचे. अंकिता पाटणकडच्या बागायतदारांची लेक. दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले त्या दिवशी अंकिताच्या भावाचा, शंभूराजचा, फोन आला होता. "सापडशीला तिथं दोघांस्नी जित्तं ठेवणार न्हाई." तो एवढेच बोलला होता. आता अंकिताला पाचवा महिना होता.

अंकिताच्या घरच्यांपैकी कोणालाच अंजनाने पाहिलेले नव्हते. अंकिताच्या मोबाइलमध्ये शंभूराजचा एक फोटो होता, तो चेहरा तेवढा तिने पाठ केला होता. गाडीत चढले की ती आधी तरुण माणसे न्याहाळी. उतरताना आपल्या फाट्याच्या एक थांबा अलीकडे उतरे, गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबे आणि मग उसातल्या पायवाटेने घर गाठे. ही सवय तिने एक दिवसही मोडली नव्हती.

"काय काकी, आजबी पैल्या लायनीत?" कंडक्टरने विचारले. "सासर-माहेर ह्याच गाडीत हाय वाटतं तुमचं."

"तुला का रं पोटदुखी? गाडी तुझ्या आज्ज्यानं ठेवलीया व्हय?"

गाडी हसली. अंजनाही हसली. तेवढ्यात मागच्या सीटवरचा एक तरुण मोबाइल उंच धरून काहीतरी करताना तिला दिसला. तिने तोंड खिडकीकडे फिरवले. काकींनी तिच्याकडे पाहिले, मग मागे वळल्या.

"ए गड्या, खाली घे त्यो फोन. बाईमाणसाच्या डोसक्यावर काय धरतोयस?"

"आवं आज्जी, रेंज बघतोय!"

"रेंज रानात जाऊन बघ."

तरुण ओशाळून मागे सरकला. अंजनाने श्वास सोडला. या बाईजवळ बसले की आपल्याला जरा कमी भीती वाटते, हे तिच्या लक्षात आले.

आष्टा मागे पडले. काकींनी तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या चिंचांकडे बोट केले. "रोज रोज चिंचा? दात आंबत्याल की."

"मलाच आवडतात, काकी."

"आवडू देत. खाऊ वाटतंय तवा खावं." काकी खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरचे गाठोडे तिच्या हातात दिले. "ह्ये घे. घरचंच हाय. वाटंत सोडू नगंस, घरी गेल्यावर उघड."

"एवढं कशाला?"

"म्हातारीचा जीव. न्हाई म्हणू नगंस."

गाठोडे चांगलेच जड होते. अलीकडचा थांबा आला तेव्हा अंजना उठली.

"बस खाली," काकी म्हणाल्या. "वझं घिऊन चालत कुठं जातीस? घराजवळच्या थांब्यावर उतर की."

अंजना क्षणभर घुटमळली. गाडीत आता मोजकीच माणसे उरली होती, सगळी ओळखीची. ती बसली आणि पहिल्यांदाच आपल्या फाट्यावर उतरली. काकींनी खिडकीतून हात हलवला.

घरी अंकिताने गाठोडे सोडले. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, नारळ, मूठभर तांदूळ. तळाशी हिरवी चोळी, घडी घालून ठेवलेली. अंकिताने ती उलगडली, काखेतली शिवण बोटांनी चाचपली आणि मटकन खाली बसली.

"काय झालं?" सिद्धू धावला.

"ही आईनं शिवलीया." ती रडत हसू लागली. "माझ्या मापाची हाय. वन्सं, ही चोरचोळी. पाचव्या महिन्यात आई लेकीला देती, कुणाला कळू न देता. आईनं हुडकलं मला!"

सिद्धूने चोळीवरून हात फिरवला. कित्येक महिन्यांनी त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. अंजनाचे डोळे भरून आले. तीन आठवडे ती माउली शेजारी बसून होती आणि लेकीचे नावही तिने घेतले नव्हते.

"उद्या त्यांना घरीच घेऊन येते," ती म्हणाली. "रोज येतात बिचाऱ्या, एकट्याच."

अंकिताचे हसू थांबले.

"एकटी?"

"हो. सांगलीहून, याच गाडीने."

"न्हाई वन्सं." अंकिताच्या हातातून चोळी खाली पडली. "आईला गाडीची पाटी वाचता येत न्हाई. ती कुठंबी निघाली की गाडीत बसवायला अन् उतरून घ्यायला शंभूदादाच असतोय."