मित्सुयोचा दोर

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा: जपानमधल्या कनाझावा शहरातलं एक कलादालन, भिंतीवर बर्फातल्या नदीचा मोठा फोटो, आणि त्याखाली चौथऱ्यावर गुंडाळून ठेवलेला जुना दोर.

आठ वर्षांची कोझुए आजोबांबरोबर आली होती. तरुणपणी आजोबा आणि त्यांचे चार मित्र-मैत्रिणी रस्त्यावर, नदीकाठी कलेचे जगावेगळे प्रयोग करत. त्यांचंच हे प्रदर्शन होतं.

"पलीकडच्या काठावर एकटी कोण उभी आहे?" कोझुएनं फोटोकडे बोट दाखवलं.

"मित्सुयो, आमच्यातलीच एक. या दोराचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं आमच्या. काम संपल्यावर सगळे म्हणतात ना, 'ओत्सुकारेसामा'? आम्ही या काठावरून ती हाक मारली की मगच तिनं दोर सोडायचा, असं ठरलं होतं."

"मग मारलीत हाक?"

आजोबा चष्मा पुसू लागले. "थंडी फार होती गं. आम्ही दोर टाकून गरम नूडल्स खायला गेलो. परत आलो, तर हा दोर तेवढा पडलेला, ती नव्हती. पुन्हा कुणालाच दिसली नाही."

"खादाड कुठले!" कोझुए हसली आणि एकदम थांबली. "आजोबा, मघाशी दोराचे सात वेढे होते. आता चारच आहेत."

दोराचं एक टोक फोटोच्या चौकटीमागे गेलं होतं. तिथली भिंत ओली दिसत होती. आणखी एक वेढा हळूच सुटला.

"आता तरी 'ओत्सुकारेसामा' म्हणा ना तिला!"

आजोबांनी तोंड उघडलं. पण ती हाक काही बाहेर पडेना. दोर सरकतच राहिला. शेवटचा वेढा सैल झाला.

"तुम्ही सोडलात ना? मग मी धरते," कोझुए म्हणाली, आणि दोराचं मोकळं टोक तिनं आपल्या मनगटाला घट्ट गुंडाळून घेतलं.