शून्य सेकंद

पलासिया भागातल्या ऑफिसात मानस सकाळपासून एकाच आकड्याशी डोकेफोड करत होता. कंपनीने जुना कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर, सोडून नवा घ्यावा का, हे त्याने चाचण्या घेऊन सांगायचं होतं. तीच लांबलचक आकडेमोड जुन्यावर चार सेकंद चालायची आणि नव्यावर शून्य. असं कसं होईल? त्याने मशीन बदललं, बाकी सगळं बंद करून पुन्हा चालवलं, टेबलावरच्या कचोरीचा पार दगड झाला, तरी मेला आकडा शून्यच.

शेवटी शेजारच्या श्रियाने स्क्रीनमध्ये डोकावून पाहिलं. "अरे, उत्तर स्क्रीनवर छापतोयस कुठे?"

"उत्तर कोणाला पाहिजे? मला बस टाइम मोजायचाय."

"मग तो कशाला मेहनत करेल? नवा हुशार आहे. ज्याचं उत्तर कोणी बघणारच नाही, ते काम तो सरळ उडवून टाकतो."

मानसने कपाळावर हात मारला आणि उत्तर छापायची एक ओळ घातली. नव्याला सहा सेकंद लागले! तो तसाच अंकुर सरांच्या केबिनमध्ये घुसला.

"सर, नवा तर जुन्याहून स्लो आहे. घेऊ नका."

"अरे भिया, तो तर सोमवारीच घेतला." सरांनी मोबाइलमधून मान वर केली नाही. "तू बस रिपोर्ट टाकून दे, फाइलला लागेल."

मानस जागेवर आला. मघाची ती ओळ त्याने खोडली आणि एंटर दाबलं.

शून्य.

"तूच शहाणा रे बाबा," तो स्क्रीनला म्हणाला.