वाऱ्याची पेटी

"काटा चुकतोय," डॉक्टर क्रॅडॉक तिसऱ्यांदा म्हणाले.

ग्रिनिचच्या धक्क्यावरची ती शेड वाफेच्या इंजिनानं थरथरत होती. मधोमध दहा फूट लांबीची चौकोनी लाकडी पेटी होती, दोन्ही तोंडांनी उघडी. एका तोंडाशी पंखा घरघरत होता आणि दुसऱ्या तोंडातून सरळ, जोरकस वारा बाहेर पडत होता. त्या वाऱ्यात एक पोलादी पत्रा किंचित तिरका बसवलेला होता, आणि वारा त्याला किती वर उचलतो ते शेजारचा काटा दाखवत होता. काटा चार औंसांवर होता. डॉक्टरांच्या गणितानं तो एकाच्या पुढे जायला नको होता.

ही पेटी बांधली ईनॉक टॅरंटनं. काट्याचे आकडे लिहून ठेवायची त्याची बहीण लेटिशिया. पेटी ठेवायची की मोडायची, हे खर्च देणाऱ्या उड्डाण-अभ्यासकांच्या मंडळानं डॉक्टरांवर सोपवलं होतं. माणसाला उचलायचं तर शेताएवढा पंख लागेल, तेव्हा उडण्याचा नाद सोडा, असं डॉक्टरांनी तीन खंडांत सिद्ध केलं होतं. त्यात तीस वर्षं गेली होती.

डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून मखमली डबी काढली. तीत त्यांची स्वतःची वजनं होती. पंखा थांबवून त्यांनी ती एकेक करून काट्यावर ठेवली. काट्यानं प्रत्येक वजन चोख सांगितलं.

"मग वाचण्यात चूक असेल. बाईमाणसाची नजर..."

"मग तुम्हीच वाचा ना," लेटिशिया बाजूला सरली. "मी इकडे तोंड फिरवून उभी राहते. माझी नजर काट्याला बाधायला नको."

पंखा पुन्हा सुरू झाला. डॉक्टरांनी वाचलं. चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"किती आलं?" भिंतीकडे तोंड करून तिनं विचारलं.

"साडेचार," डॉक्टर पुटपुटले.

"माझ्या नजरेनं निदान अर्धा औंस वाचवला होता तुमचा."

"लेटी!" ईनॉक दबक्या आवाजात ओरडला. मग इंजिनापाशी उभ्या कोळसेवाल्याकडे वळून म्हणाला, "गिब्ज, कोळसा कुणी टाकायला सांगितला?"

"साहेब मोठे दिसले," गिब्ज म्हणाला, "म्हटलं वारा जरा बरा द्यावा."

डॉक्टरांनी आता वाऱ्यावरच बोट ठेवलं. हा नदीकाठचा दमट वारा आहे, जड आहे, असला वारा कशालाही उचलेल. लेटिशियानं लगेच विचारलं, की मग उडायचं ते नदीकाठीच उडलं तर चालेल का? डॉक्टरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि हातमोजा काढला.

"यंत्र राहू द्या. मी हातानं बघतो. एक औंस म्हणजे काय हे माझ्या करंगळीला कळतं."

"डॉक्टर, जरा जपून. निदान तळहात..." ईनॉक पुढे झाला.

"करंगळी पुरेशी आहे."

ते पत्र्यावर वाकले आणि एक औंस दाबायला जेवढी लागेल तेवढीच करंगळी त्यांनी मोजून टेकवली. पत्र्यानं ती झिडकारली आणि तो उसळून त्यांच्या हनुवटीवर टपकन आदळला. चष्मा उडाला. तो गिब्जनं हवेतच झेलला.

लेटिशियाला हसू आवरेना. तिनं वही तोंडावर धरली.

ईनॉकनं पंखा बंद करवला. डॉक्टर हनुवटी चोळत स्टुलावर बसले. एकाएकी ते फार म्हातारे दिसायला लागले.

"लागलं का?" ईनॉकनं विचारलं.

"नाही."

ईनॉक त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "पहिल्या दिवशी चार आले ना, तेव्हा मीही हेच म्हणालो. काटा चुकतोय. तीन आठवडे तो सुटा करून बसलो होतो. लेटीला विचारा. माझा काट्यापेक्षा तुमच्या पुस्तकावर विश्वास होता."

"तीन आठवडे?"

"जेवायलासुद्धा येत नव्हता," लेटिशिया म्हणाली. वही आता खाली आली होती आणि आवाजातला तिखटपणाही गेला होता. "एक दिवस तुमचा दुसरा खंड उशाला घेऊन इथेच झोपला."

"दुसरा खंड जरा जाडच झालाय," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी चष्मा घेतला. एक काच गिब्जच्या मुठीत तडकली होती. त्याच काचेतून त्यांनी पत्र्याकडे, पेटीकडे, मग गिब्जकडे पाहिलं. "पुन्हा लावा. कोळसा कमी."

त्यानंतर त्यांनी अकरा वेळा मोजलं. पत्रा कमी तिरका केला, जास्त केला, आकडे स्वतःच्या हातानं लिहिले. एकदाही एक औंस आला नाही. शेवटी त्यांनी मंडळाची वही मागितली आणि उभ्या उभ्या लिहिलं : 'काटा बरोबर आहे. कारण समजत नाही. काम चालू ठेवावे.' खाली सही केली. सही नेहमीपेक्षा बरीच लहान आली.

ईनॉकनं दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला, तोही काजळी लागलेल्या हातांनी. डॉक्टरांनी तो तसाच धरू दिला.

थोड्या वेळानं लेटिशिया बाहेर आली, तेव्हा डॉक्टर अजून धक्क्यावरच होते. टोपी घट्ट धरून, मान वर करून उभे. थेम्सवरून बोचरा वारा येत होता, आणि त्या वाऱ्यात एक जाडजूड समुद्रपक्षी पंख पसरून जागच्या जागी थांबला होता. पंख हलत नव्हते. पाण्यावर त्याची सावलीही हलत नव्हती.

"डॉक्टर, गार वारा आहे. गाडी बोलावू का?"

"थांबा जरा," नजर न काढता ते म्हणाले. "तो कधी पडतो ते बघतोय."