चष्म्याचा कोपरा

आजी गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच सगळे जमलो होतो. रडायच्या तयारीने आलेली मंडळी तिच्या गमती सांगता सांगता पोट धरून हसत होती. तिची खुर्ची तेवढी मागे रिकामी होती.

आजी शाळेत बाई होती. फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता ती मागच्या बाकावरची मस्ती बरोबर पकडायची. त्यातली गोम तिने फक्त मला सांगितली होती: चष्म्याच्या कोपऱ्यात मागचा वर्ग दिसतो.

"कर की तिची नक्कल!" काका म्हणाले.

मी तिचा चष्मा चढवून भिंतीकडे वळले. "काका, बिस्कीट खाली ठेवा!"

सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं.

मग चष्म्याच्या कोपऱ्यात मला आजी दिसली. आपल्या खुर्चीत बसून तीही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. तिने शहाण्या मुलीसारखा हात वर केला आणि दाराकडे बोट दाखवलं. जाऊ का?

अशा मुलांना ती काय म्हणायची, ते मला पाठ होतं.

"घंटा झाली का? नाही ना? मग बस खाली!"

"अगदी हुबेहूब!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या थांबल्या, आणि मागे रिकामी खुर्ची करकरली, कुणी नीट टेकून बसल्यावर करकरते तशी.