कोंडवाड्याचं कुलूप

नव्या कायद्यानं मिळालेला काडीमोड रंगूबाईला गोडच लागला, पण चार वर्षांची येसू नाते नावाच्या गावी नवऱ्याकडेच राहिली. लेकीसाठी महाडच्या कोर्टात खटला उभा राहिला, तेव्हा नवऱ्याच्या वकिलानं रंगूबाईची जुनी शिक्षा उकरून काढली. “साहेब, ही बाई तुरुंगवास भोगून आलीय. हिनं कोंडवाड्याचं कुलूप दगडानं फोडून म्हैस पळवली!” “म्हैस कोणाची?” न्यायाधीशांनी विचारलं. “माजीच,” रंगूबाई म्हणाली. “दुसऱ्याच्या नाचणीत शिरली, म्हनून कोंडली. पारडू घरी उपाशी, आनी चावीवाला गेलेला जत्रंला. दूधपितं लेकरू ते, साहेब, किती वाट बघंल?” न्यायाधीशांनी हसू दाबलं. “आणि येसू वडिलांकडेच ठेवली तर?” रंगूबाईनं पदर खोचला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो वकिलाच्या आधी हात जोडून उठला. “पोर तिलाच द्या, साहेब. घराचं कुलूप नवं हाय!”