पलीकडचा काठ

"सगळे पलीकडच्या मनोऱ्यावर जातात, ताई. मीनघार तिथून जवळ दिसते," वाटाड्या म्हणाला.

"पण सकाळचं ऊन या काठावर पाठीशी येतं ना?"

"येतं की!" तो खूश झाला. "म्हणजे अभ्यास करून आलायत."

तळ्याकाठच्या वेताच्या आडोशामागे दोघं स्टुलांवर बसली. ती शिवणाचा क्लास चालवायची. सुईत दोरा ओवताना श्वास रोखायची सवय होती, फोटो काढायला तेवढंच काय ते तिचं भांडवल. कॅमेरा नवऱ्याचा होता, जुना, पट्ट्याचं चामडं सोलवटलेला. बसच्या प्रवासात तिने तो तान्ह्या बाळासारखा मांडीवर आणला होता.

"कॅमेरा उबदार खोलीतनं थेट थंडीत आणलात ना? मग परत जाताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि तासभर उघडू नका. नाहीतर काचेला आतून घाम फुटतो." वाटाड्याने वाळूची छोटी उशी कठड्यावर ठेवली. "लेन्स हिच्यावर. हातावर भरवसा नको. हात माणसाचा असतो, थरथरतो."

वाटाड्या पूर्वी लग्नांचे फोटो काढायचा. पक्षी त्याला जास्त आवडत. पोट आत घ्या, असं त्यांना सांगावं लागत नाही, म्हणायचा.

"फोकस डोळ्यावर. पक्षी असो की नवरदेव, डोळा धारदार नसेल तर फोटो फुकट. शटरचा वेग दोन हजारावर ठेवा. आणि ज्या बाजूला तो बघतोय, त्या बाजूला चौकटीत जागा सोडा. त्याला जायला वाट दिसली पाहिजे."

तिने जागा सोडून बघितली. समोर पाण्यावरचं धुकं विरत होतं.

"मिस्टरांचा कॅमेरा का?" त्याने थर्मासमधला चहा ओतत विचारलं.

"हो. दर हिवाळ्यात याच दिवसांत इथे यायचे. मीनघारीने मासा उचलतानाचा फोटो हवा होता त्यांना. दरवेळी हुकायचा."

"आणि आता...?"

"गेले. तीन वर्षं झाली."

वाटाड्याचा हात थांबला. "काय झालं होतं?"

"काही नाही. सकाळी चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि गेले. मी आत पोळ्या करत होते. आवाजसुद्धा झाला नाही."

"अरेरे. कुणाच्या ध्यानीमनी नसतं." त्याने चहाचा कप तिच्या हातात दिला. "घरी कोण?"

"सासूबाई. आता अंथरुणावरच असतात. अजून लेकाच्या नंबरवर फोन लावतात. नंबर बंद आहे म्हणून फोनमधली बाई सांगते, तरी मेली खोटं बोलते म्हणतात."

ती जरा हसली. निघताना म्हातारीने तिचा हात घट्ट धरला होता. सून आणि सासू दोघींचं कधी फारसं पटलं नव्हतं, पण या तीन वर्षांत रडायला दुसरं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी हात टेकल्यावर म्हातारी एवढंच म्हणाली होती, "एक फोटो आण गं. एकच पुरे. मग मी सुटले."

"त्यांनाही पक्ष्यांचा नाद?" वाटाड्याने विचारलं.

"लेकापायी सगळं."

"मुलाचं राहिलेलं सून पुरं करतेय. पुण्य आहे तुमच्याकडे." त्याने डोळे पुसले. तिने लेन्सवर उगाच फुंकर घातली.

पलीकडे मनोऱ्याच्या जिन्यावर माणसं चढू लागली. लहान मुलाचा किलबिलाट पाण्यावरून इकडे आला.

"घ्या! लाल स्वेटर घालून पोर आणलंय. पक्ष्यांकडे येताना मातकट कपडे घालावेत, एवढं कळत नाही लोकांना," वाटाड्या करवादला. तेवढ्यात त्याने तिच्याकडे बघितलं. "ताई, थंडी वाजतेय का? बोटं बघा कशी थरथरतायत."

"वाजतेय थोडी."

"श्वास अर्धा सोडा आणि रोखा. घाई नको. ती बघा, वाळक्या खोडावर बसलीय, मनोऱ्याच्या अगदी खाली. उडायच्या आधी पक्षी शिटतो. ओझं टाकून मगच निघतो. तीच आपली खूण."

तिने अर्धा श्वास सोडला आणि रोखला. सुईच्या नेढ्यातून बघावं तसं तिने एक डोळा मिटला.

"शिटली! आता! दाबा, दाबून धरा, सोडू नका!"

मीनघार झेपावली. पाणी फुटलं. कॅमेरा सुरात कडकडत राहिला. पंख झाडत, पंजात तळपता मासा घेऊन ती वर आली आणि झाडांमागे गेली. मनोऱ्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"मिळालं?" वाटाड्या लहान पोरासारखा उठून उभा राहिला.

"मिळालं."

"डोळा धारदार आलाय?"

"आलाय."

"बघू तरी!"

तिने पडद्यावर तळहात ठेवला. "आधी सासूबाईंना दाखवते, काका. रागावू नका."

"छे छे. पहिला मान त्यांचाच," तो म्हणाला आणि स्टुलं उचलायला वळला.

मग तिने हात काढला. एकाही फोटोत मीनघार नव्हती. मनोऱ्याच्या कठड्याला रेलून तिचा नवरा उभा होता, जरासा सुटलेला, खळखळून हसणारा. खांद्यावर लाल स्वेटरमधली दोनेक वर्षांची पोर, नाक थेट त्याचं, आणि त्याच्या दंडाला धरून एक बाई. म्हातारीला दाखवता येईल असा, तो एकटाच असलेला एखादा तरी सापडतो का, ते बघत ती एकेक फोटो पुढे सरकवत राहिली.