नावांची खुर्ची

माणूस माणसाच्या घरी जात नाही तो केवळ बसायला खुर्ची नसते म्हणून, हा मोठा शोध नागू छत्रीवाल्याला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी लागला. लागला तेव्हा तो ओट्यावर उकिडवा बसला होता, गुडघे धरले होते, आणि हात देऊन उठवायला घरात कोणी नव्हतं.

म्हणून त्याने खोपोलीच्या भंगारवाल्याकडून एक जुनी खुर्ची आणली. मुंबईच्या कुणा शेठच्या बंगल्यातली. रुंद हात, सागवानी पाय, आणि बैठकीतून काथ्या असा बाहेर आलेला, जसे म्हाताऱ्याच्या कानातले केस. आत उंदरीण बाळंत होऊन गेली होती. नागूने टेंपोतून ती लोधिवलीला आणली, दोन दिवस उन्हात टाकली, काथ्या झटकून पुन्हा भरला. उरला प्रश्न कापडाचा.

घरात कापड एकाच जातीचं होतं. आढ्याला नऊ छत्र्या टांगलेल्या होत्या. लोक दुरुस्तीला टाकून गेले होते ते गेलेच. कोणी मुंबईला गिरणीत लागलं, कोणी कारखान्यापाशी बिऱ्हाड केलं, कोणी जिथे छत्री लागत नाही अशा ठिकाणी गेलं. नागूने नऊच्या नऊ दुरुस्त करून ठेवल्या होत्या. 'वेळेत न नेल्यास जबाबदारी नाही' अशी पाटी लाव, असं लोक सांगत. त्याने लावली नाही. जबाबदारीसुद्धा नाही म्हटल्यावर मग आपल्याकडे राहिलं काय, असं त्याचं म्हणणं.

त्याने छत्र्या उसवल्या. कापड कुठेच कापलं नाही, नुसतं दुमडून टाके घातले. काड्या आणि दांडे, ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी बांधून, माळ्यावर ठेवले. न जाणो, कोणी मागितली तर पुन्हा चढवून देता यावी.

पौषातल्या एका दुपारी शेवटचा टाका पडला. शेजारच्या मालनबाई बघायला आल्या. काळीभोर खुर्ची, आणि तिच्यावर जागोजाग पांढरी अक्षरं. छत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून जो तो आपलं नाव रंगवून घ्यायचा, त्यातली.

"बसा," नागू म्हणाला.

"हे काय लिवलंय, भावजी?"

"नावं हायत. पाठीला गजा पाटील. ह्या हाताला काळूराम मास्तर, त्या हाताला अंबाबाई, मुक्काम पोशीर."

"मास्तर तर वारलं."

"छत्री हाय ना."

"आन् बूड टेकायचं तिथं?"

"चंदर बाळू, लोधिवली."

मालनबाईंनी पदर सावरला. "मेलेल्या मास्तरावर हात ठेवायचा आन् जित्या चंदरवर बसायचं? नाय बाई. तुमी आख्खा गाव शिवून ठेवलाव, आता गावानं बसायचं कुठं?"

त्या जमिनीवर बसल्या, पान खाल्लं, आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत गोष्ट वेशीपर्यंत पोचली. लोक येत, दारातून नावं वाचत, आपल्या माणसाचं सापडलं की चुकचुकत, आणि उभ्याउभ्याच परत जात. नागू स्वतःही बसला नाही. खुर्ची पाव्हण्यांची होती. तो तिच्यासमोर जमिनीवर जेवायचा. तेवढाच घरात कोणी असल्याचा भास.

आठव्या दिवशी त्याच्या दारासमोर यष्टी पंक्चर झाली.

उतारूंतला एकजण थेट ओट्यावर चढला. टेरिकॉटची पँट, कानशिलावर पांढरे केस. "नागूकाका, वळकलंत का?" म्हणत आत आला आणि खुर्चीकडे न बघताच तिच्यात बसला.

"चंदर," नागू म्हणाला. "बस बस." बसलेल्या माणसाला तो दोनदा बस म्हणाला.

त्याने चहा टाकला. चंदर बोलत राहिला. घाटकोपरच्या खोलीत सातजण झोपतात. पोरीच्या घशातल्या गाठी काढल्या. मुकादम हलकट आहे, पण गाणं बरं म्हणतो. नागू दर थोड्या वेळाने "मग?" म्हणत होता. "मग?" म्हणायला मिळून त्याला बरीच वर्षं झाली होती.

"खुर्ची झ्याक हाय," चंदर मागे रेलत म्हणाला. "पाठ सुटली."

"मग? आनी दुसरा कप घे."

"घेतो की. चाक बसंस्तोवर बसतो." मग त्याला काहीतरी आठवलं. "काका, माझी एक छत्री व्हती तुमच्याकडं. मुंबईला जाताना टाकलेली. अकरा वर्सं झाली म्हना. नसंल तर ऱ्हाऊ द्या."

नागूने खुर्चीकडे पाहिलं. चंदरच्या दोन मांड्यांमधून 'लोधिवली' तेवढं दिसत होतं. नाव त्याच्या खाली होतं.

नाय म्हटलं असतं तर चालणार होतं. चंदरने स्वतःच सांगितलं होतं. नाय म्हटलं असतं तर दुसरा कप झाला असता, मुकादमाचं गाणं कुठलं तेही कळलं असतं.

"हाय," नागू म्हणाला. "कवाच दुरुस्त केलेली हाय."

त्याने माळ्यावरून चिठ्ठी बघून एक सांगाडा काढला. काड्या उघडून, मिटून बघितल्या. मग डब्यातली बारीक कात्री घेतली आणि खुर्चीसमोर आला.

"चंदर," तो म्हणाला, "जरा उठतोस?"